गूळ घरी येऊ लागला तेव्हा

दहा ऑक्टोबर. उद्या खंडेनवमी. दुपारपासून स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून घरातलं लोखंड घासत बसले आहे. विळी, अडकित्ता, नारळाची खवणी, शिवणयंत्राची कात्री, यजमानांची पक्कड. हाताशी चिंच आणि राख. मे महिन्यात मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे खंडेनवमीला घरी असण्याची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं या दिवशी मी शस्त्रागारात असायचे. पुसून रांगेत लावलेल्या रायफली, त्यांवर झेंडूच्या माळा, आणि पूजा उरकली की पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरणारा हवालदार.

यजमान पाणी प्यायला आत आले आणि म्हणाले, "आता तुझं शस्त्र म्हणजे ही विळी. जपून, परवाना नाहीये तिचा."

लोखंडाचा वास हाताला लागला की माझ्या नोकरीतली एक केस समोर येऊन उभी राहते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पण खुनाच्या केसेस विसरले आणि ही विसरले नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होते. एका सकाळी पुण्याहून एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या घराण्याची फौंड्री होती. लोखंड वितळवून पंपाचे भाग ओतायचे. दोन भावांनी काढलेली कंपनी. दोघेही वारले. एकाचा मुलगा इथे कारखाना चालवत होता, दुसऱ्याचा मुलगा म्हणजे हे फिर्यादी. निम्मे शेअर यांच्याकडे.

"मॅडम, सगळ्या फौंड्र्या रडतायत," ते म्हणाले. "माल उठत नाही, दर मिळत नाही. आमची मात्र दरवर्षी नफ्यात. असल्या दिवसांत हा कागदावर एवढा नफा दाखवतो, तर खरा किती असेल? वरचा पैसा हा खातोय."

तर्क चुकीचा नव्हता. मी अर्ज घेतला, पोच दिली आणि चौकशी सुरू केली.

माझ्या हाताखाली राधानगरीकडचा एक जुना हवालदार होता. कागदात त्याचं डोकं चालत नसे, माणसांत फार चालत असे. दोन दिवस वसाहतीतल्या टपरीवर चहा पिऊन तो परत आला आणि टेबलापाशी घुटमळत उभा राहिला.

"बोल की."

"मॅडम, पुण्याचं पावणं म्हंत्यात कंपनी लई कमवत्या. आनि तितला टेम्पोवाला म्हंतोय, त्या दारात माल भरायला गाडी लागलेली त्येनं कैक दिसांत बगिटली न्हाई. आता ह्यातलं कुनाचं लिवून घिऊ?"

"दोघांचंही," मी म्हणाले.

फिर्यादी म्हणतो, दाखवतो त्याहून जास्त कमावतो. टेम्पोवाला म्हणतो, काहीच कमावत नाही. अशी दोन टोकं हातात आली की मधे काहीतरी असतं, एवढं अनुभवानं कळतं.

आम्ही कारखान्यावर गेलो. मालक पन्नाशी उलटलेला, शिवाजी पेठेत वाढलेला इंजिनियर. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं कमी. भट्टी थंड होती. "अस्तर बदलायचं काम सुरू आहे," असं त्यानं सांगितलं. भट्टीच्या आतल्या बाजूला विटामातीचं अस्तर असतं, ते जळून झिजतं, अधूनमधून बदलावं लागतं. खरंच बदललेलं दिसत होतं. बाकी सगळे कामगार कामावर होते. ओळीनं बसून ओल्या काळ्या मातीत साचे करत होते. एक म्हातारे मिस्त्री त्यांच्यामधून फिरत होते. एका साच्याची कड त्यांनी बोटानं दाबून पाहिली, "मोडा" म्हणाले आणि पुढे गेले. पोरानं निमूटपणे साचा मोडून परत करायला घेतला.

कागदपत्रं नीट होती. विक्रीची बिलं, लोखंडाच्या भंगाराच्या खरेदीची बिलं, कोकची बिलं. भट्टी जुन्या पद्धतीची, दगडी कोकवर, म्हणजे भाजलेल्या कोळशावर, चालणारी, त्यामुळे वीजबिलावरूनही काही ठरेना. लेथवर किरकोळ कामं चालायचीच. मालकानं पैसे घरी नेले असतील तर ते कुठेतरी दिसायला हवे होते. त्याचं घर पाहिलं, खाती पाहिली. बायकोच्या नावावर स्कूटर होती, तीही जुनी.

इथे वाचकांसाठी थोडं समजावून सांगते, कारण ही गोष्ट पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. कंपनीच्या हिशेबात उत्पन्नाचे दोन भाग असतात. एक, ज्या कामासाठी कंपनी काढली त्या कामातून आलेलं. दुसरं, 'इतर उत्पन्न'. बँकेतल्या ठेवींचं व्याज, दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरवरचा लाभांश, गाळ्याचं भाडं, जुनी गुंतवणूक विकून झालेला फायदा. यात गैर काही नाही. पण म्हशीवाल्याच्या घरी दूध विकून आलेला पैसा वेगळा आणि म्हैस विकून आलेला वेगळा. खिशात दोन्ही सारखेच वाजतात. गोठ्यात डोकावल्याशिवाय फरक कळत नाही.

या कंपनीच्या हिशेबात इतर उत्पन्न नावापुरतं होतं. आणि फिर्यादींकडून मला कळलं होतं की कंपनी काढणारे दोन्ही भाऊ हुशार होते. चांगल्या काळात त्यांनी शेअर आणि रोखे घेऊन ठेवले होते. त्यांचं पीक कुठे जात होतं?

उत्तर मला हिशेबात सापडलं नाही. मिस्त्रींच्या घरी सापडलं.

साक्षीदारांचे जबाब शक्य तेव्हा मी त्यांच्या घरी घ्यायचे. कचेरीत माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो आणि विचारलं तेवढंच सांगतो. घरी तो टेकून बसतो. मी गेले तेव्हा मिस्त्री दळण आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी दारात गहू पाखडत होत्या.

"बसा की ताई. येतीलच इतक्यात. च्या ठेवू? गुळाचा हाय, चालंल न्हवं?"

"चालेल की वहिनी. गूळ घरचा?"

"घरचा कुटला. कारखान्याचा. ह्यांस्नी रोज मिळतोय."

फौंड्रीत ही जुनी रीत आहे. भट्टीचा धूर आणि ओतकाम झाल्यावर साचे फोडताना उडणारी जळकी माती घसा धरून ठेवते. म्हणून सुट्टी व्हायच्या वेळी प्रत्येकाला गुळाचा खडा देतात. लोक तो तिथेच तोंडात टाकतात, वर पाणी पितात, आणि मग घरी जातात. कारखान्यांच्या उद्यमनगरच्या बाजूला वाढलेली असल्यानं मला हे ठाऊक होतं.

"मग ते तिथंच खात नाहीत?"

"आदी तितंच खायाचे. इतक्या वर्सांत एक खडा घरला आला न्हवता. पोरं मागायची तर म्हनायचे, त्यो घशाचा हाय, तुमचा न्हवं. आता रोज आनत्यात." त्यांनी डबा उघडून दाखवला. गूळ गच्च भरलेला. "हे बगा की. मुंग्यास्नी पुरून उरंल."

"आता म्हणजे कधीपासून?"

"धाकटीच्या लग्नात लाडू केलते ते ह्याच गुळाचं. म्हंजे त्याच्या बी आदीपासनं."

धाकटीची मुलगी तिथेच कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या मारत बसली होती. आजोळी राहून बालवाडीत जात होती. म्हणजे गूळ घरी येऊ लागून चार-पाच वर्षं तरी झाली होती.

मी चहा घेतला. त्या सूप खाली ठेवून बोलतच राहिल्या. "कापडं बी धुतल्यावानी येत्यात. पयलं बादलीत नुसता काळा चिखल व्हायचा. दोनदोनदा आपटली तरी रंग सोडायची न्हाईत. मी रोज शिव्या घालायची. ह्ये हसायचे. आता शिव्या कुनाला घालू? घालाय काय न्हाईच ऱ्हायलं. पगार येतोय, पर मानूस गप झालाय, ताई. अंगनात बसला की हातानं मातीच चाचपतोय."

मिस्त्री आले. मी जबाब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला चौकशीची नोटीस काढली.

चौकशीत माझी पद्धत साधी. आवाज चढवायचा नाही आणि पहिला तासभर नवीन काही विचारायचं नाही. तो पैशांच्या प्रश्नांना तयार होऊन आला होता. बिलं विचारली, बिलं सांगितली. मग मी विचारलं, "तुमच्याकडे कामगारांना गूळ देतात ना?"

"हो. वडिलांपासूनची पद्धत आहे."

"तो ते घरी का नेतात?"

तो पाण्याच्या ग्लासाकडे हात नेत होता. हात तसाच मागे आला.

"कोण म्हणालं?"

"त्या गुळाचा चहा पिऊन आले."

त्यानं समोरची बिलांची फाईल मिटून बाजूला सरकवली. हवालदार लिहायला सरसावला, त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं.

"भट्टी किती दिवस बंद आहे?"

"दिवस मोजले नाहीत, मॅडम. मोजले असते तर खरंच बंद करावी लागली असती."

मग त्यानं सांगितलं. ऑर्डरी गेल्या. मोठ्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडे माल घ्यायला सुरुवात केली. वडिलांच्या माघारी चुलतभावाशी करार झाला होता, की फौंड्री स्वतःच्या कमाईवर चालते तोवर चालवायची. ती नफ्यात राहिली नाही तर जागा विकायची, गुंतवणूक वाटून घ्यायची आणि मोकळं व्हायचं. म्हणून तो गुंतवणुकीचं व्याज, लाभांश, शेअर विकून आलेला पैसा हिशेबात उत्पन्न म्हणून न धरता, भंगाराची खोटी खरेदी दाखवून एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा. व्यापारी तोच पैसा पंपाच्या भागांची किंमत म्हणून परत पाठवायचा. कागदावर फौंड्री जिवंत. त्याच कागदांवर बँक दरवर्षी कर्जाची मर्यादा वाढवून देत होती. आणि त्यातून पगार होत होते.

फिर्यादीला वाटत होतं भाऊ धंद्याचा नफा लपवतोय. भाऊ लपवत होता तो धंद्याचा तोटा, आणि त्यासाठी खरं, कायदेशीर उत्पन्न खोट्या नावानं दाखवत होता. असा गुन्हा मी आधी पाहिला नव्हता.

"मी कुणाची चोरी केली, मॅडम? पैसा कंपनीचा, कंपनीतच राहिला."

"बँकेला खोटी बिलं दिलीत. भावाला खोटा हिशेब दिलात. निम्मी कंपनी त्याची आहे."

"त्यानं विकली असती."

"तो त्याचा हक्क होता."

तो मान हलवून हो म्हणाला. वाद घातला नाही. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबता येईल का? एक पंपवाले नमुना मागतायत. पसंत पडला तर ऑर्डर आहे. खरी. मग भट्टी खरीच पेटेल."

"नाही," मी म्हणाले. गुन्हा समजल्यावर नोंद न करण्याची मुभा मला नव्हती आणि मी ती घेतली नाही. फिर्याद नोंदवली. गुंतवणुकीची खाती गोठवली. पगाराचं खातं तेवढं गोठवलं नाही. कामगार आरोपी नाहीत, असं कारण लिहून वरिष्ठांची मंजुरी घेतली.

आता पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. दाखवलेला माल या कारखान्यात तयार होणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करायला हवं होतं. त्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयातले तज्ज्ञ बोलावले. ते म्हणाले, भट्टी एकदा पेटवून एका दिवसात वितळलेल्या लोखंडाचा किती रस निघतो ते मोजावं लागेल.

म्हणजे पुराव्यासाठी भट्टी पेटवायची होती. पंचांसमोर.

त्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर सगळे कामगार आधीच हजर. रजेवर असलेलेही आलेले. जमीन झाडून पाणी मारलेलं. मालक एका कडेला उभा होता. त्यानं एकच विनंती केली, त्या पंपवाल्यांचे नमुन्याचे साचे आजच्या रसातून भरू द्यावेत. तज्ज्ञ म्हणाले, मोजमापात फरक पडत नाही. मी परवानगी दिली आणि तसं लिहून घेतलं.

मिस्त्रींनी भट्टीपुढे नारळ फोडला. हवालदार माझ्या कानाशी आला.

"नारळ पंचनाम्यात घिऊ का, मॅडम?"

"घे. घडलं ते सगळं घे."

मग मिस्त्री माझ्याकडे आले. टोपी काढून हातात धरलेली. "मॅडम, येक इचारू? आज आमी चांगलं काम केलं तर सायबांच्या इरोधात जातंय, का वाईट केलं तर जातंय? तसं करतो."

"कसंही केलंत तरी आकडा तोच येणार, मिस्त्री. भट्टीच्या आकाराबाहेर जाता येत नाही."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग मन लावून करतो," असं म्हणून टोपी घातली.

मी पुष्कळ कामं पाहिली आहेत. तसं काम पाहिलं नाही. कोकचा थर, लोखंडाचा थर, पंख्याची घरघर. दुपारी भट्टीचं तोंड फोडलं आणि रस आला. पांढरट पिवळा, बघवत नाही असा. माणसं दोघादोघांनी लांब दांड्यांची पात्रं धरून एका लयीत जात होती, वाकत होती, ओतत होती, परतत होती. इतके दिवस रोज करून रोज मोडलेल्या त्या साच्यांत शेवटी एकदाचं लोखंड पडत होतं. कुणी ओरडत नव्हतं. सांगावंच लागत नव्हतं. एक जण तोंड पुसायचं निमित्त करून भिंतीकडे वळला, तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. मालकानं कोट काढून ठेवला आणि पात्राची एक बाजू धरली. आरोपीनं काम करू नये असा नियम नव्हता.

संध्याकाळी साचे फोडले. जळकी माती उडाली, सगळ्यांचे चेहरे काळे झाले, माझी वर्दीसुद्धा. एकानं परातीतून गूळ फिरवला. प्रत्येकानं तिथेच तोंडात टाकला. मिस्त्रींनी एक खडा उचलून माझ्यापुढे धरला.

"घसा धरंल, मॅडम. घ्या."

घसा धरलाच होता. पण मी ड्यूटीवर, आरोपीचा कारखाना, समोर पंच. "नको," म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. खडा परातीत ठेवला.

मोजमापाचा आकडा अपेक्षेप्रमाणेच आला. नुसत्या त्या दिवसाच्या हिशेबानं भट्टी वर्षभर रोज पेटवली असती तरी बिलांएवढा माल झाला नसता. ओतलेल्यातला एक नग मी मुद्देमाल म्हणून सील केला, बाकीचे मालकाच्या ताब्यात दिले आणि त्याची पावती घेतली. नमुना त्यातच होता. निघताना मी गेटपाशी थांबले होते. माणसं सायकली, मोटारसायकली काढत होती. कुणाच्याही हातात किंवा डब्यात गूळ नव्हता.

दोषारोपपत्र वेळेत दाखल झालं. गुंतवणूक मोडून बँकेचं देणं फिटलं. जागा विकली गेली. तिथे आता मोटारींचं शोरूम आहे, समोर काच आणि कुंड्या. नमुना पंपवाल्यांना पसंत पडला, पण तोवर वर्तमानपत्रात नाव आलं होतं आणि ऑर्डर दुसरीकडे गेली. पुढे आपल्या वाट्याला उरलेल्या पैशातून मालकानं वसाहतीच्या मागच्या टोकाला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. छोटी भट्टी. काम असेल त्या दिवशी पेटते. मिस्त्री तिथेच जातात. दर खंडेनवमीला त्यांच्या पत्नीचा फोन येतो, "ताई, पूजेला यायचं." मी दरवर्षी नाही म्हणते. खटला अजून उभा आहे, माझी साक्ष व्हायची आहे. तपास अधिकाऱ्यानं साक्षीआधी आरोपीच्या दारात पेढे खायला जायचं नसतं. निवृत्त झालं म्हणून ते बदलत नाही.

या केसनं मला हिशेब वाचायला शिकवलं. नफा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, हा कुठल्या कामाचा? व्याज आणि लाभांश कंपनीला जगवू शकतात, वाईट काळात जगवावंही. पण ते काम नव्हे. ते कामाच्या जागी मांडलं की ज्याचा पैसा आहे त्याला आपण कशावर उभे आहोत हेच कळत नाही. हे मी पुढच्या प्रशिक्षणांत नवीन अधिकाऱ्यांना सांगत आले.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणात सांगितली नाही. ती माणसं पगार घेत होती, कुणी उपाशी नव्हतं, आणि तरी त्यांना रोज संध्याकाळी तो खडा खिशात घालून घरी न्यावा लागत होता. मे महिन्यापासून माझ्याही खात्यात एक तारखेला पेन्शन जमा होते. मागच्या कामाची गुंतवणूक, तिचं हे इतर उत्पन्न. मी ते हक्कानं घेते. पण वर्दी इस्त्रीला टाकताना धोब्याशी भांडायची सवय होती, ती आता कुणावर काढू, असं परवा मनात आलं आणि मिस्त्रींकडच्या वहिनींची आठवण झाली.

अडकित्ता लख्ख झाला आहे. हात धुते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळी, कात्री, खवणी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. यजमानांनी मान तुकवून पक्कडीला नमस्कार केला. मग स्कूटर काढली आणि वसाहतीच्या मागच्या टोकाला गेले. शेडच्या आत गेले नाही. रस्त्यापलीकडे एक किराणा दुकान आहे, तिथे उभी राहिले. शेडच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. पूजेपुरती भट्टी पेटवलेली असावी, पत्र्यावरून धूर खाली उतरून रस्त्यावर येत होता. घसा खवखवला.

"गूळ द्या थोडा," मी दुकानदाराला म्हणाले.

त्यानं ढेपेवरून खडा फोडला. "पिशवीत बांधू का, मॅडम?"

"नको. हितंच खाणार हाय."

पैसे दिले, खडा तोंडात टाकला, आणि तो पुरता विरघळेपर्यंत तिथेच उभी राहिले.